डायलवर नसलेलं गाव

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक बिघाड सांगत नाही, स्टेशन सांगतं. "हैदराबाद येत नाही." "लखनौवर खरखर आहे." "गोरखपूर पकडता है, फिर भाग जाता है." गँग कंडेन्सर, आयएफटी, डायोड ही नावं काउंटरच्या आतली. बाहेरच्याला एवढंच कळतं, की काल रात्रीपर्यंत आपल्या मुलखातलं कुणीतरी बोलत होतं आणि आज बोलत नाही. भिवंडीत हे काम करण्यात माझं अर्ध्याहून अधिक आयुष्य गेलं. तेवढ्या काळात 'भिवंडी लावून द्या' असं मला कुणीही म्हटलं नाही. म्हणणार कसं? यंत्रमागांच्या या गावाला स्वतःचं आकाशवाणी केंद्र नव्हतंच.

गंमत अशी, की देशातल्या पहिल्या रीतसर केंद्राच्या कुंपणालाच भिवंडी लागून होती. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं. त्याचा प्रक्षेपक होता दीड किलोवॅटचा. त्याची खात्रीची पोच साधारण ४८ किलोमीटर सांगितली जायची. दक्षिण मुंबईपासून भिवंडीपर्यंत नकाशावर पट्टी ठेवली तर जवळपास तेवढंच अंतर भरतं. म्हणजे तेव्हा इथल्या एखाद्या शेठजीनं हौसेनं सेट आणला असता आणि वर्षाचं दहा रुपये लायसन्स भरलं असतं, तर छपरावर लांब तार ताणून मुंबई त्याला मिळाली असती, पण जेमतेम. आज दीड किलोवॅटच्या मध्यमलहरी केंद्राला आपण लहान स्थानिक केंद्र म्हणतो. त्या काळी तेवढ्याच जिवावर अख्ख्या मुंबई इलाख्याला ऐकवायचा बेत होता. तीन वर्षांत कंपनी बुडाली, १ एप्रिल १९३० पासून सरकारनं कारभार हातात घेतला आणि ८ जून १९३६ रोजी त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. १८५७नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांचे हातमाग तोवर भिवंडीत चांगले रुजले होते. रेडिओ मात्र दिवाणखान्यातली वस्तू होता. मागावरच्या माणसाच्या हातात तो यायला ट्रान्झिस्टर निघावा लागला.

मी कामाला लागलो तो सत्तरचं दशक संपता संपता, मंडईजवळच्या एका गाळ्यात. उस्ताद कोकणी मुसलमान, घरी मराठी बोलणारे. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता, त्यामुळे मर्फीचे मोठे व्हॉल्व्हचे सेट जुन्या घरांतून यायचे, बुश आणि फिलिप्सही यायचे. पण पोट भरायचं ते कामगारांच्या दोन-तीन बँडच्या ट्रान्झिस्टरांवर. सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोडला जायचं. एसटीनं ठाणं, तिथून लोकलनं दादर, गाडी बदलून ग्रँट रोड. परत येताना एसी १२७, एसी १२८ च्या पुड्या खिशात आणि मांडीवर स्पीकरांची पेटी.

इतर गावच्या मेकॅनिकाला न दिसणारा एक रोग आमच्याकडे रोजचा होता. सेटची पाठ काढली की आत रुई. मागावर धोटा धावतो, सूत घासतं आणि त्याचा कापूस हवेत उडतो. तो भिंतीवर बसतो, पंख्यावर बसतो, माणसाच्या छातीत बसतो आणि रेडिओतही शिरतो. स्टेशन बदलताना जे फिरतं त्या गँगमध्ये धातूच्या पातळ पात्या एकमेकींत अडकल्यासारख्या सरकतात, पण एकमेकींना टेकत नाहीत. मधली फट नखाएवढीही नसते. त्या फटीत रुई बसायची आणि पावसाळ्यात ती ओल धरायची. मग काटा फिरवला की करकर आवाज, आणि अर्ध्या डायलवर काहीच नाही. चाचांचा इलाज सायकलचा पंप. आधी वारा मारायचा, मग मऊ ब्रशानं पेट्रोल फिरवायचं आणि सेट उन्हात ठेवायचा. निम्म्या गिऱ्हाइकांचं काम एवढ्यावर भागायचं. त्याचे पैसे चाचा फार घेत नसत. "कापूस त्यांचाच, वारा फुकटचा, मग बिल कसलं?" असं म्हणायचे.

दुसरा त्रास मात्र पंपानं जाणारा नव्हता, तो खरखरीचा. या सेटांवर लागायचं ते एएम, म्हणजे त्यात ध्वनीच्या चढउतारानं लहरीची उंची कमीजास्त होते. विजेची ठिणगीही नेमकी त्याच उंचीवर घाव घालते. रेडिओला गाणं कोणतं आणि ठिणगी कोणती हे ओळखता येत नाही. दोन्ही तो सारख्याच इमानानं वाजवतो. आता भिवंडीत ठिणग्या किती असतील याचा विचार करा. प्रत्येक मागाला मोटर, मोटरीला स्टार्टर, स्टार्टरला झिजलेले कॉन्टॅक्ट, वर लटकलेल्या ढिल्या वायरी आणि ट्यूबलाइटचे चोक. कारखान्यात रेडिओ ऐकू येणं शक्यच नव्हतं, तिथे शेजारच्याचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागतं. रेडिओ असायचा खोलीत, नाहीतर भिशीत. आमच्याकडे कामगारांच्या खाणावळीला भिशी म्हणतात. पण खोली आणि भिशी कारखान्याला चिकटूनच, त्यामुळे खरखर भिंतीतून यायची.

त्यावर चाचांनी शिकवलेली युक्ती मी पुढे शेकडो जणांना सांगितली. ट्रान्झिस्टरच्या आत वरच्या बाजूला फेराइटची काळी कांब आडवी असते. तीच त्याची एरियल. कांबेच्या आडव्या अंगाला लहर चांगली लागते, टोकाकडून आलेली लहर जवळजवळ लागतच नाही. मुंबईचे मध्यमलहरी प्रक्षेपक मालाडला. म्हणून रेडिओचं तोंड नाहीतर पाठ मालाडकडे करायची, आणि जमलं तर कांबेचं टोक खरखर करणाऱ्या मोटरीकडे. लोकांना मालाड कुठं हे ठाऊक नसायचं. मग चाचा सांगायचे, "कल्याण नाक्याकडे पाठ करून बस, सूरज बुडतो तिकडे रेडिओचं तोंड कर, बाकी हळूहळू फिरवून बघ." कंपासच्या हिशेबात हे काटेकोर नव्हतं, पण अस्मिता वाहिनीचं ५५८ आणि विविध भारतीचं ११८८ लागायला एवढं पुरे.

खरखर पूर्ण जायची ती वीज गेल्यावर. हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. भारनियमनाच्या दिवसांत एकदम हजारो माग थांबायचे. कानात घुमणारी खटखट बंद झाली की आधी काही क्षण चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. आणि मग गल्लीगल्लीतून सेलवरचे ट्रान्झिस्टर असे स्वच्छ वाजायला लागायचे, की पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनीही तसा एएम ऐकला नसेल. मालक विजेच्या नावानं बोटं मोडायचे, कामगाराची मजुरी बुडायची. सेल मात्र आमच्या दुकानातून त्याच दिवशी जास्त खपायचे.

पण भिवंडीचा खरा रेडिओ सुरू व्हायचा सूर्य मावळल्यावर. दिवसा मध्यमलहर जमिनीला धरून चालते आणि दमते. वरच्या हवेतला एक थर तिला दिवसभर गिळत असतो. सूर्य गेला की तो थर विरतो, लहर आणखी वर जाऊन परतते आणि शेकडो किलोमीटर दूर उतरते. शाळेत हे शिकवत असतील, मी गिऱ्हाइकांकडून शिकलो. पद्मानगरातले पद्मशाली तेलुगू बोलणारे, त्यांना हैदराबाद हवं, ७३८ किलोहर्ट्झ. आझमगड, मऊ, गोरखपूरकडचे कामगार, त्यांना लखनौ ७४७, गोरखपूर ९०९. उर्दू बातम्या आणि गझला ऐकणारे १०७१ वर थांबायचे. ती आकाशवाणीची उर्दू सेवा राजकोटच्या हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून यायची, इतकी दणदणीत, की बिघडलेल्या सेटवरही लागावी. त्यामुळे ती लागली म्हणजे सेट बरा झाला, असं आम्ही कधी धरलं नाही.

आता ७३८ आणि ७४७ हे आकडे पुन्हा बघा. नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडे मध्यमलहरींची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली. ७३८ अधिक नऊ म्हणजे ७४७. हैदराबाद आणि लखनौ डायलवर सख्खे शेजारी, मध्ये रिकामी जागा शून्य. दोन्ही जबरदस्त ताकदीची, दोन्ही रात्री भिवंडीत उतरणारी. स्वस्तातला सेट जरा ढिला पडला की तेलुगू गाण्यात हिंदी बातमी घुसायची. पद्मानगरचा माणूस येऊन म्हणायचा, माझ्या हैदराबादेत हे कोण बोलतंय? त्याच संध्याकाळी शांतीनगरचा कुणी येऊन म्हणायचा, लखनौ के पीछे कोई मद्रासी गा रहा है. तेलुगू आणि मद्रासी यांत त्याला फरक नव्हता. चाचा दोघांनाही चहा पाजून एकच उत्तर द्यायचे, की सेटचा दोष आहे, माणसाचा नाही.

दोष आयएफटीत असायचा. आलेलं कुठलंही स्टेशन रेडिओ आधी आतल्या आत ४५५ किलोहर्ट्झवर आणतो आणि तिथे चाळतो. ही चाळण म्हणजे आयएफटी नावाची छोटी चौकोनी डबी, वर रंगीत स्क्रूसारखा गाभा. तीन डब्या एका सुरात बसल्या तर चाळण बारीक, नाहीतर शेजारचं स्टेशन गळून आत. गाभा फिरवायला लोखंडी पेचकस चालत नाही, लोखंड जवळ आलं की सूरच बदलतो. लॅमिंग्टन रोडला त्यासाठी प्लास्टिकचे पेचकस मिळत, पण चाचा मागावरची तुटलेली प्लास्टिकची कांडी तासून वापरायचे. सिग्नल जनरेटर आमच्याकडे नव्हता. आम्ही रात्री आठनंतर, हैदराबाद आणि लखनौ दोन्ही हजर असताना, कानानं जुळवायचो. एक कान तेलुगूला द्यायचा, हिंदी पूर्ण बुडेपर्यंत गाभा केसाएवढा फिरवायचा, मग उलट करून बघायचं. मला तेलुगू येत नाही. पण हैदराबादच्या निवेदिकांचे आवाज मी अजून ओळखीन.

याच कामात मला कळलं, की लहान केंद्राचं दुःख वेगळं असतं. पद्मानगरात लग्न होऊन आलेल्या एक मावशी माहेरचा रेडिओ घेऊन दुकानात आल्या. "सोलापूर लागत नाही हो दादा, बाकी सगळं लागतंय." सेट ठणठणीत होता. सोलापूर आकाशवाणी म्हणजे तेव्हा एक किलोवॅट, १६०२ किलोहर्ट्झ, डायलवरचं अगदी शेवटचं घर. दिवसा पन्नास-साठ किलोमीटरपलीकडे ते पोचत नसे. रात्री पोचलं असतं, पण १६०२ हे घर अनेक देशांतल्या लहान केंद्रांना वाटून दिलेलं. रात्र झाली की त्या एकाच घरात अनेक जण एकदम बोलायला लागतात आणि कुणाचंच कळत नाही. मोठ्या केंद्राला घर स्वतंत्र असतं, धाकट्यांना एकत्र कोंबलेलं. मावशींना हे मी माझ्या परीनं समजावलं. त्या म्हणाल्या, "मग आमच्या सोलापूरकरांनी काय फक्त सोलापुरातच ऐकायचं?" हो, फक्त सोलापुरातच. स्थानिक केंद्राचं ते दुखणं आहे आणि तेच त्याचं बळही, पण हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मी त्यांना पुणं लावून दिलं, ७९२. त्या खूश झाल्या नाहीत.

त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला १९८४ मध्ये उलट्या बाजूनं उमगला. त्या मे महिन्यात भिवंडीत दंगल उसळली आणि संचारबंदी लागली. दुकान बंद होतं. माग बंद, त्यामुळे खरखर नाही. घरोघरी रेडिओ लख्ख वाजत होते आणि त्यांत भिवंडीचं नाव होतं. एरवी कधी न येणारं नाव त्या दिवसांत प्रत्येक बातमीपत्रात होतं. पण बातमी सगळ्या राज्यासाठी होती. संचारबंदी किती वाजता शिथिल होणार, दूध कुठल्या नाक्यापर्यंत येणार, दवाखाना कुठला उघडा, कुठल्या वस्तीबद्दल पसरलेली भुमका खोटी, हे त्यात कसं असणार? मोठं केंद्र रत्नागिरीच्या कोळ्यालाही ऐकवतं आणि धुळ्याच्या शेतकऱ्यालाही. त्याला आमच्या गल्लीचं नाव घेऊन चालत नाही. ते अंतर अफवा भरून काढत होत्या. शेजारच्या आळीत काय झालं हे मला भिंतीपलीकडून कुजबुजत कळायचं, आणि त्याच वेळी हजार मैलांवरचं हवामान रेडिओ स्वच्छ मराठीत सांगायचा. एक किलोवॅट भिवंडीला पुरलं असतं. नव्हे, एक किलोवॅटचीही गरज नव्हती.

तसं होणार नव्हतं, आणि त्याचं कारण मला तरी साधं वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला आकाशवाणीनं जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक केंद्रं काढली. आपल्याकडे अहमदनगर, बीड, सातारा, धुळे अशी नावं त्या यादीत आली, तीही एफएमवर. भिवंडी मात्र मालाडच्या सावलीत. जिथे शंभर किलोवॅटचा आवाज आधीच पोचतो तिथे वेगळं केंद्र कशाला, असाच हिशेब कुणीही केला असता. हिशेबात चूक नाही. आवाज पोचत होताच.

भिवंडीनं आपला तोडगा रेडिओशिवाय काढला. १९८८ मध्ये इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीवस्तीतली हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं नियमित एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दंगलींत जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्याचं श्रेय समित्यांचं आणि त्यांत बसलेल्या माणसांचं. पण त्या दिवसांत मी एक बघितलं. लोक रेडिओवर मुंबईच्या बातम्या ऐकायचे आणि मग समितीतल्या कुणाकडे तरी जाऊन 'आपल्याकडे काय?' विचारायचे. म्हणजे जे काम लहान केंद्रानं करायचं तेच ती माणसं पायी चालून करत होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टीव्ही घरात आला, मग २००२च्या सुमारास मुंबईत खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या, मग मोबाईल. मोबाईलमध्ये एफएम बसतं, एएम बसत नाही. त्याला फेराइटची कांब लागते आणि मोबाईलच्या पोटातला विजेचा गोंधळ सोसावा लागतो. चाचा गेले, गाळा मी चालवतो. आता येतात ते चार्जर, एलईडी बल्ब, ब्लूटूथ स्पीकर. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही कम्युनिटी रेडिओ काढता येतो, फक्त पन्नास वॅटचा. म्हसवडमध्ये २००८ पासून माणदेशी तरंग चालू आहे. भिवंडीत असं काही निघावं असं मी दोघा-तिघांशी बोललो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जाहिराती कोण देणार, हा. कापडवाल्यांच्या गावात हाच प्रश्न पहिला यावा हे ठीकच.

एएमचं गिऱ्हाईक अजून एक आहे. माणकोलीकडच्या एका गोदामावर रात्रपाळीचा चौकीदार, बिहारकडचा. माग कमी झाले, गोदामं वाढली, आणि त्या भागात खरखर फार कमी. मात्र पत्र्याच्या शेडमध्ये लहर आत शिरत नाही. त्याला मी वजनकाट्याजवळ, मोकळ्यात बसायला सांगितलं. त्याच्याकडे आकडे दाखवणारा छोटा चिनी सेट आहे. झोप येऊ नये म्हणून तो रात्रभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डायल फिरवतो आणि जे लागेल ते वहीत लिहितो. आकडा, वेळ आणि पुढे 'गाना', 'भाषण', 'पता नहीं'. पंधरा-वीस दिवसांनी वही घेऊन दुकानात येतो आणि आम्ही एकेक ओळ लावत बसतो. १०७१ राजकोट, ७३८ हैदराबाद हे तर त्यालाही पाठ झालंय. गेल्या खेपेला एका आकड्यापुढे 'पता नहीं' सलग चार रात्री होतं, पहाटे तीनच्या आसपास, बाईचा आवाज. मी अरबी असेल म्हटलं, तो ठामपणे नाही म्हणाला. तो आखातात काम करून आलाय, त्याचं ऐकायला हवं. पुढच्या खेपेला मोबाईलवर रेकॉर्ड करून आण म्हटलंय, फक्त मोबाईल सेटपासून हातभर लांब धर, नाहीतर त्याचीच खरखर येईल.